बातमीची निवड : वाचकांच्या उपयोगी पडेल असे काही

वर्तमानपत्र हाती पडले की बहुतेक वाचक ते पहिल्या पानाच्या शिरोभागापासून वाचू लागतात; माझी विनंती अशी की एखादे दिवशी, निदान प्रयोगादाखल, ते तळापासून वाचावे. कोठल्या तरी आतल्या अथवा शेवटच्या पानाच्या अगदी पायथ्याशी, जाहिरातींच्याही खाली, चष्मा पुसल्यावाचून दिसू नये अशा बारीक टायपात एक ओळ छापलेली असते: अंक कोणी छापला, कोठे छापला, प्रकाशक कोण, आणि मजकुराच्या निवडीची जबाबदारी कोणावर. ही ओळ कोणाच्या हौसेने आलेली नसून कायद्याच्या सक्तीने आलेली आहे. मुद्रणालये व पुस्तकनोंदणी यांविषयीच्या १८६७ च्या कायद्यात संपादक कोणास म्हणावे याची जी व्याख्या होती ती मोठी मार्मिक होती. वर्तमानपत्रात प्रसिद्ध होणाऱ्या मजकुराची निवड ज्याच्या ताब्यात आहे तो संपादक, असे तीत म्हटले होते. अग्रलेख लिहिणारा नव्हे, व्याख्यानमालेत अध्यक्षस्थान भूषविणारा नव्हे, तर निवडणारा. तो कायदा आता इतिहासजमा झाला आणि त्याच्या जागी आलेला २०२३ चा कायदा १ मार्च २०२४ पासून अमलात आला. तथापि या धंद्याचे मर्म जुन्या व्याख्येने जेवढे नेमके पकडले होते तेवढे आमच्यापैकी कोणीही आपल्या आठवणींच्या पुस्तकात पकडलेले नाही.

मी स्वतः उमेदीची सगळी वर्षे एका जिल्हा दैनिकाच्या रात्रपाळीत घालविली, आणि त्या वर्षांत लग्नकार्यात, एस.टी.च्या थांब्यावर, न्हाव्याच्या दुकानात, जेथे म्हणून माझा व्यवसाय उघड झाला तेथे, एकच प्रश्न मला विचारण्यात आला: "तुमच्या पेपरात सगळे वाईटच का हो असते?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र विचारणारा समजतो तसे संपादकाच्या काळ्या मनात नाही, आणि संपादक सांगतो तसे वाचकाच्या अभिरुचीतही पुरते नाही.

निवड म्हणजे किती कठोर चाळणी असते हे आधी पाहू. डेव्हिड मॅनिंग व्हाइट नावाच्या अमेरिकन अध्यापकाने १९४९ च्या फेब्रुवारीत, सुमारे लाख वस्तीच्या एका शहरातील दैनिकाच्या तारसंपादकाला गाठून, एक आठवडाभर त्याने नाकारलेला प्रत्येक कागद जपून ठेवविला आणि नाकारण्याचे कारण त्याच कागदावर त्याच्याच हाताने लिहून घेतले. वृत्तसंस्थांकडून त्या सात दिवसांत सुमारे १२,४०० कॉलम-इंच मजकूर आला होता. छापून निघाला तो १,२९७ इंच, म्हणजे जेमतेम एक दशमांश. कारणे पाहता कित्येक कागदांवर 'जागा नाही' एवढाच शेरा होता, आणि पुष्कळ कागदांवर असे शेरे होते की ज्यांतून बातमीचा दोष कमी आणि त्या गृहस्थाच्या आवडीनिवडी अधिक प्रकट होत. व्हाइटने त्या संपादकाला दिलेले 'द्वारपाल' हे नाव पुढे वृत्तपत्रशास्त्रात रूढ झाले. मला मात्र या सगळ्यात भावते ती त्या संपादकाची निर्भयता. आमच्या कचेरीतील टाकाऊ कागदांच्या पाठी कोणी अशा वाचल्या असत्या तर आम्ही दुसऱ्या दिवशी रजेचाच अर्ज केला असता.

आता प्रत्यक्ष रात्र कशी असते ते सांगतो. संध्याकाळ होण्यापूर्वीच जाहिरात खात्याकडून पानांचा आराखडा, ज्याला आम्ही 'डमी' म्हणतो, तो टेबलावर येऊन पडलेला असतो, आणि त्यात जाहिरातींचे चौकोन आधीच आखलेले असतात; उरलेली रिकामी जागा ती बातमीची. म्हणजे निवडीचा पहिला निर्णय संपादकाने घेतलेलाच नसतो. साबणाच्या अथवा सदनिकांच्या पाव पानाने पहिल्या पानावरच्या दोन बातम्या जन्मण्यापूर्वीच मारलेल्या असतात. मग नऊ वाजता तालुक्यातालुक्यांतून वार्ताहरांचा मजकूर येऊ लागतो: जिल्हा परिषदेच्या सभेत खडाजंगी, कांद्याचा भाव पडला, घाटात ट्रक उलटून दोघे ठार, एका वाडीतील पहिली मुलगी दहावी उत्तीर्ण. लांबच्या तालुक्यांची डाक आवृत्ती सर्वांत आधी सुटायची असते, कारण गाडी चुकली तर गठ्ठे स्टँडावरच राहतात. त्यामुळे त्या तालुक्यांना जे पान मिळते ते शहराच्या पानापेक्षा काही तासांनी शिळे असते. ट्रक उलटल्याची बातमी पाच ओळींत समजते, तिची खातरजमा एका फोनवर होते, आणि ती उद्या लावली तर शिळी होते. वाडीतील मुलीची बातमी उद्याही तितकीच खरी असते. म्हणून तीच उद्यावर जाते. उद्याही दुसरा ट्रक उलटतोच.

या शेवटच्या दोन वाक्यांत सगळे रहस्य आहे असे मी मानतो. योहान गाल्टुंग आणि मारी रूगे या नॉर्वेजियन अभ्यासकांनी १९६५ साली, काँगो, क्यूबा आणि सायप्रस येथील पेचप्रसंगांच्या बातम्या आपल्याकडील चार वर्तमानपत्रांनी कशा छापल्या हे तपासताना, घटना बातमी का होते याची बारा कारणे मांडली. जवळीक, आकस्मिकता, मोठ्या माणसांचा संबंध, संदिग्धतेचा अभाव ही त्यांतील बहुतेक कारणे कोणत्याही उपसंपादकाला न शिकवता ठाऊक असतात. पण त्यांनी काळाविषयी जे म्हटले ते अधिक खोल आहे. घर बांधायला महिने लागतात आणि जळायला एक रात्र पुरते. माणूस घडविण्यास वीस वर्षे लागतात आणि अपघातात तो क्षणात जातो. दैनिकाची मोजपट्टी चोवीस तासांची. त्या मोजपट्टीत जे मावते ते बातमी होते, जे मावत नाही ते राहून जाते, आणि दुर्दैवाने संकटे या मापाला अचूक बसतात.

एवढ्यावरून वाईटाला बातमीत नेहमीच अग्रपूजा मिळते असा समज करून घेतल्यास मात्र चूक होईल. वाईट गोष्ट सावकाश घडू लागली की तीही चांगल्या गोष्टीइतकीच अदृश्य होते. विदर्भातील कापूस पिकविणारा शेतकरी वर्षांमागून वर्षे कर्जात बुडत होता, परंतु कर्जाच्या व्याजाला कोठे स्फोटासारखा आवाज असतो? आत्महत्या होऊ लागल्या तेव्हा पहिल्या काही पहिल्या पानावर आल्या, पुढे त्यांचा आकडा झाला, आणि आकडा नित्याचा झाल्यावर तो आतल्या पानात एका कॉलमात जाऊन बसला. पत्रकार पी. साईनाथ यांनी वारंवार सांगितलेली गोष्ट प्रसिद्धच आहे: २००६ साली मुंबईतील एका वस्त्रप्रावरणांच्या सोहळ्याला, जेथे कापसाचीच वस्त्रे मिरवली जात होती, पाचशेंहून अधिक अधिकृत पत्रकार हजर होते, आणि त्याच सुमारास विदर्भात मुक्काम ठोकून असलेले बाहेरचे पत्रकार हाताच्या बोटांवर मोजता आले असते. तेव्हा चांगले आणि वाईट हा वर्तमानपत्रातला खरा भेद नव्हेच. खरा भेद झटकन घडणारे आणि हळूहळू घडणारे असा आहे. हा भेद एकदा ध्यानात आला की वाचकाची तक्रार बदलते, आणि माझ्या मते सुधारते.

पोलिओचे उदाहरण घ्या. भारतातील नैसर्गिक विषाणूच्या पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात आढळला. त्यानंतर प्रत्येक दिवशी या देशात एकाही बालकाला तसा पोलिओ झाला नाही, ही जगातील थोरातल्या थोर घटनांपैकी एक होती. आणि तरीही त्या शेकडो दिवसांपैकी कोणत्याही एका दिवशी रात्रपाळीच्या उपसंपादकाने तिला कोणता मथळा द्यावा? 'काल कोणीही पंगू झाले नाही'? जागतिक आरोग्य संघटनेने २७ मार्च २०१४ रोजी दाखला दिला तेव्हा ती बातमी झाली, कारण दाखल्याला तारीख होती. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच स्त्रियांना शिकवून नवजात अर्भकांची घरी जाऊन काळजी घेण्याची जी पद्धत उभारली, तिने एकोणचाळीस गावांतील नवजात मृत्यूंचे प्रमाण काही वर्षांत हजारी ६२ वरून २५ च्या आसपास आणले. त्या वर्षांत एकेक करून मुले वाचत होती, परंतु जगाला ते कळले १९९९ च्या डिसेंबरात, लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात निबंध छापला गेला तेव्हा. वाचलेल्या मुलाची तार येत नाही.

याच्या उलट बाजूस किल्लारी आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी धरणी हादरली. आदल्या रात्री विसर्जनाच्या मिरवणुका संपल्या होत्या, आणि सकाळचे अंक त्या वेळेपर्यंत छापून गाड्यांत चढलेले होते. त्या दिवशी सकाळी चहाबरोबर जो अंक लोकांनी उघडला त्यात गुलाल आणि ढोलताशे होते, आणि लातूर-उस्मानाबादेकडे गावेच्या गावे ढिगाऱ्याखाली होती. वर्तमानपत्र म्हणजे काल रात्री अमुक वाजेपर्यंत आम्हांस जे कळले व जेवढ्याला जागा मिळाली तेवढे. वाचताना तो 'अमुक वाजेपर्यंत' मनात धरावा.

आता वाचकाने करावे काय? मी मला उपयोगी पडलेल्या काही युक्त्या सांगतो. पहिली तांबड्या पेन्सिलीची. एका अंकातील मथळे घ्या आणि ज्या बातमीत काही घडलेले नसून कोणी तरी नुसते बोलले आहे, तीवर खूण करा. आरोप, इशारा, टोला, आश्वासन, 'कदापि सहन करणार नाही', हे सर्व. निम्मे पान तांबडे झाले तर आश्चर्य मानू नका. बोलणे ही सर्वांत स्वस्त बातमी असते. वार्ताहराला कोठे जावे लागत नाही आणि शहानिशा करावी लागत नाही, कारण तो बोलला एवढे खरे असतेच. आपल्याला जो वाईट बातमीचा वीट वाटतो तो पुष्कळदा या वाग्युद्धाचाच वीट असतो.

दुसरी युक्ती शेजारच्या जिल्ह्याची. आता बहुतेक दैनिकांच्या सर्व आवृत्त्या मोबाइलवर पाहता येतात. आपल्याच पत्राची त्याच तारखेची नागपूरची, कोल्हापूरची, नाशिकची पहिली पाने एकापुढे एक उघडून पाहावीत. जी बातमी आपल्याकडे आठ कॉलम होती ती तेथे नसेल, जी तेथे आहे तिचा आपल्याकडे मागमूस नसेल. नानासाहेब परुळेकरांनी १ जानेवारी १९३२ रोजी पुण्यात 'सकाळ' सुरू केला तेव्हापासून मराठी पत्रांनी मतापेक्षा वृत्ताला, आणि दूरच्या वृत्तापेक्षा गावच्या वृत्ताला मान देण्यास आरंभ केला, ही फार मोठी सुधारणा होती. पण जिल्हानिहाय आवृत्त्यांनी तिचा असा अतिरेक झाला की साताऱ्याच्या वाचकास सोलापुरात काय चालले आहे हे कळण्यास तेथे दंगाच व्हावा लागतो, आणि मग त्याचे सोलापूरविषयी मत दंग्यावरूनच बनते.

तिसरी गोष्ट थोडी चिकाटीची आहे. जे सावकाश घडते त्यालाही काही ठिकाणी तारखा असतात. त्या आपण ठाऊक करून घ्याव्यात. अर्थसंकल्पापूर्वी राज्याची आर्थिक पाहणी सादर होते. महालेखापरीक्षकांचे अहवाल विधिमंडळापुढे ठेवले जातात. भूजल सर्वेक्षण यंत्रणा ठरावीक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण काही वर्षांनी येते. या सर्वेक्षणाच्या १९९२-९३ च्या पहिल्या फेरीत देशात हजारी सुमारे ७८ अर्भके वर्षाची होण्यापूर्वी दगावत होती, २०१९-२१ च्या फेरीत ३५. हे वाचून आपल्यास आनंद व्हावा की पस्तिसांचे दुःख व्हावे हे ज्याचे त्याने ठरवावे, परंतु या दोन आकड्यांमधील तीस वर्षांत आपण जे दहा हजारांवर अंक वाचले त्यांतून ही गोष्ट आपणांस कळली होती काय, हे स्वतःस विचारून पाहावे. एका साध्या वहीत आपल्या तालुक्याचे तीन-चार आकडे दरवर्षी उतरवून ठेवणारा वाचक, त्या एका बाबतीत, वृत्तसंपादकापेक्षा जास्त जाणता होतो.

आणि विचारपूस करावी. 'चौकशीचे आदेश' ही बातमी छापली जाते. चौकशीचे काय झाले ही क्वचितच. तीन महिन्यांनी त्या बातमीचे कात्रण जोडून संपादकाला दोन ओळी लिहिल्या तर त्या फुकट जातात असे समजू नये. पाच वाचकांनी एकच गोष्ट विचारली की वार्ताहराला पाठवावेच लागते, हे मी स्वानुभवाने सांगतो. काही मजकूर खोटा अथवा नीतिबाह्य वाटला, आत्महत्येची रीत रंगवून सांगितली, पीडित बालकाची ओळख उघड केली, तर आधी संपादकास लेखी कळवावे, आणि दाद न लागल्यास भारतीय वृत्तपत्र परिषदेकडे तक्रार करावी. दैनिक व साप्ताहिक यांच्याबाबत प्रसिद्धीपासून दोन महिन्यांची मुदत आहे. परिषदेला दंड करण्याचा अधिकार नाही, ती केवळ समज देऊ शकते अथवा ठपका ठेवू शकते. त्याची थट्टा करणारे पुष्कळ आहेत, परंतु तो कागद कचेरीत येतो त्या दिवशीची शांतता मी पाहिली आहे.

चांगल्या बातम्यांचा स्वतंत्र रतीब घालण्याचे प्रयोग झाले आहेत. दैनिक भास्करने जानेवारी २०१५ पासून सोमवारी नकारात्मक बातम्यांना फाटा देण्याचा उपक्रम आरंभिला. हेतू चांगलाच म्हणावा लागेल. मला मात्र अशा चौकटी पथ्याच्या जेवणासारख्या वाटतात, आणि बाकीचे सहा दिवस कसेही जेवावे अशी मुभा त्यातून नकळत मिळते. शिवाय वाचकानेही आपले बोट तपासावे. २०२३ साली नेचर ह्यूमन बिहेवियर या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, अपवर्दी नावाच्या अमेरिकन संकेतस्थळाचे मथळे तपासले असता, सरासरी लांबीच्या मथळ्यात एकेक नकारात्मक शब्द वाढला की तो उघडून पाहण्याचे प्रमाण २.३ टक्क्यांनी वाढते असे आढळले. आमच्या काळी वाचकाला काय आवडते ते आम्ही अंदाजाने ठरवीत असू आणि त्या अंदाजामागे लपत असू. आता ते मिनिटामिनिटाला भिंतीवरच्या पडद्यावर दिसते, आणि लपण्याचीही गरज उरलेली नाही.

राहता राहिली ती मंडळी, ज्यांच्या हातून चांगले काम होते आणि ज्यांची बातमी येत नाही: ग्रंथालयांचे चिटणीस, महिला मंडळांच्या अध्यक्षा, पाणलोट समित्यांचे कार्यकर्ते. यांच्यासाठी मी माझीच एक चूक सांगतो. एका दुष्काळी तालुक्यातील खेड्यातून आमच्याकडे सत्कारसमारंभाचे एक पत्रक आले होते. दीड पान. आरंभी प्रमुख पाहुणे, मग व्यासपीठावरील सतरा नावे पदांसकट, मग स्वागतगीत, मग प्रास्ताविक, मग आभार. मी ते रिवाजाप्रमाणे सात ओळींत कापले, 'गुणवंतांचा सत्कार' असा मथळा दिला आणि एका कॉलमात लावले. चार दिवसांनी दुसऱ्या पत्राने त्याच गावाची बातमी पहिल्या पानावर छायाचित्रासह दिली: अकरा वर्षांत प्रथमच त्या गावाला उन्हाळ्यात टँकर लागला नव्हता. मी रद्दीतून ते पत्रक काढून पाहिले. शेवटून दुसऱ्या ओळीत, अल्पोपाहाराच्या उल्लेखाच्या अलीकडे, लिहिले होते: 'यंदा गावात टँकर आलेला नाही, याबद्दल सर्वांनी समाधान व्यक्त केले.'

मी त्या गावच्या चिटणिसांना, वयाने ते माझ्या वडिलांएवढे, क्षमेचे पत्र लिहिले आणि सोबत पुढील सूचना पाठविल्या, त्याच येथे देतो. अप्पा, पाहुण्यांची नावे शेवटी लिहा किंवा लिहूच नका. जे बदलले ते पहिल्या वाक्यात सांगा, आणि त्याला तारीख द्या. तारीख नसेल तर शोधून काढा, शेवटचा टँकर कोणत्या दिवशी आला होता ही देखील तारीखच आहे. पूर्वी किती आणि आता किती, हे दोन आकडे द्या, पण ते मोजलेले असावेत, सांगोवांगी नसावेत. एका माणसाचे नाव द्या, जिच्या डोक्यावरचा हंडा उतरला तिचे, सरपंचांचे नव्हे. काय जमले नाही तेही लिहा. नुसत्या गोड पत्रकावर कोणत्याही उपसंपादकाचा विश्वास बसत नाही, आणि 'वरच्या वाडीला अजून पाणी नाही' या एका कबुलीने बाकीच्या नऊ ओळी खऱ्या वाटू लागतात. समारंभाच्या दुसऱ्या दिवशी नव्हे, आधी कळवा. आणि शनिवारी पाठवा, कारण रविवारी कचेऱ्या बंद, सभा नाहीत, पुढारी विश्रांतीला, आणि सोमवारचे पान भरायला आम्हांस मजकूर मिळता मिळत नाही.

अप्पांचे उत्तर आले नाही. दुसऱ्या वर्षी एप्रिलात एका शनिवारी मात्र त्यांचे पोस्टकार्ड आले, निळ्या शाईत, पाच ओळींचे. त्यात तारीख होती. आडातले पाणी दोराने मोजलेले, अकरा हात. गतवर्षी याच दिवशी नऊ हात. टँकर दुसऱ्या वर्षीही नाही. वरच्या वाडीची पाइप अद्याप मंजूर नाही. आणि खाली एका बाईचे नाव, ती आता पहाटे चारऐवजी सहाला उठते असे. मी ते पोस्टकार्ड एकही शब्द न बदलता जुळाऱ्याकडे दिले आणि पहिल्या पानाच्या मध्यभागी चौकटीची जागा धरून ठेवली. रात्री साडेअकराला महामार्गावर बस उलटल्याचा फोन आला. चौकट तिसऱ्या पानावर गेली, पण वरच्या बाजूला, आणि दोन कॉलम.